न मागणाऱ्या राणीची गोष्ट

एका राज्यात एक रीत होती. कुणापुढेही हात जोडले की काहीतरी मागायचंच. वडापुढे जोडले तर सावली मागावी, नदीपुढे जोडले तर पाणी, हत्तीपुढे जोडले तर निदान बळ. नुसतेच हात जोडणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं तिथली शहाणी माणसं म्हणत.

त्या राज्याचा राजा मकरंदसेन एकदा गलबतात बसून दक्षिणेच्या बेटावर गेला. तिथल्या पुळणीवर माणसाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. पांढरी वाळू, वर माडांची सावली आणि संथ लाटांचा आवाज. राजा इतका सुखावला की त्याने हात जोडले. जोडले म्हणजे मागणं आलंच. तो म्हणाला, "सागरा, तुझा हा आवाज माझ्या कानांतून कधी न जावो."

समुद्र उदार होता. त्याने मागितलं ते दिलं.

त्या घटकेपासून राजाला दुसरं काही ऐकू येईना. प्रधान ओरडून ओरडून दमला, फिर्यादी दारातून परत जाऊ लागले. अकरा जादूगार आले. एकाने राजाच्या कानाशी मोराचं पीस फिरवलं, दुसऱ्याने मंतरलेलं तेल घातलं, उरलेल्या नऊ जणांनी जेवून घेतलं. गुण कुणाचाच आला नाही. सातव्या महिन्यात राजाने बोलणंही सोडलं. उत्तर ऐकू येत नाही, तर विचारायचं कशाला? राणी इंदुलेखाचा धीर तेव्हा सुटला. नवरा समोर असून ती एकटी पडली होती.

एके सकाळी सज्जावर एक निळा खंड्या येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

"मागून घेतलेलं मागून परत जात नाही, राणी. त्या बेटाला तीन पुळणी आहेत. प्रत्येकीवर ओहोटीपासून भरतीपर्यंत बस. काही मागू नकोस."

"आणि मग?"

"मग समुद्र बघेल."

राणी निघाली. हात सवयीने जोडले जातील आणि तोंडून मागणं निसटेल, या भीतीने बेटावर उतरताच तिने तळवे बाहेरच्या बाजूला ठेवून पदराचं टोक मनगटांना गुंडाळलं आणि दातांनी गाठ मारली.

पहिल्या पुळणीवर ऊन चढलं, तसा लाटेतून आवाज आला: माणकं माग, मोती माग. राणीला हसू आलं. मोत्यांच्या पेट्या तिच्या महालात धूळ खात होत्या. भरती आली तशी ती उठली.

दुसरी पुळण काळ्या कातळांच्या कुशीत होती. पाणी इतकं नितळ की तळाशी चालणारा खेकडाही दिसावा. इथला समुद्र लबाड निघाला. "राजाचे कान देतो," तो म्हणाला, "एकदा माग." राणीने ओठ दातांखाली धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही तिने बांधलेले हात उचलले नाहीत. मागितलं नाही म्हणून नवरा कायमचाच गेला तर? हा विचार तिने भरती येईपर्यंत सोसला.

तिसरी पुळण चंद्रकोरीसारखी होती. राणी नकार तयार ठेवून बसली. पण समुद्र काही बोललाच नाही.

वारा पडला. एक कासवी वाळूतून आपल्या चालीने पाण्याकडे गेली. केवड्याचा वास आला. ओल्या वाळूत आभाळ उतरलं आणि लाटा तिच्या पावलांशी येऊन हळूच माघारी जाऊ लागल्या. सात महिन्यांत राणी अशी घटकाभरही बसली नव्हती. आपण इथे कशासाठी आलो, हे ती विसरली. छातीवरचं ओझं उतरलं आणि तिला फार, फार बरं वाटलं.

भरती आली. राणीने दातांनी गाठ सोडली आणि हात जोडले. तिच्यामागून येऊन माडावर बसलेल्या खंड्याने घाबरून डोळे मिटून घेतले.

"फार उपकार झाले," राणी म्हणाली. "बसायला जागा दिलीस. खूप बरं वाटलं. येते मी."

एवढंच. समुद्र क्षणभर थबकला. पिढ्यान्‌पिढ्या त्या राज्याच्या माणसांनी त्याच्यापुढे हात जोडले होते, पण असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. मग दूर क्षितिजावरून एक मोठी लाट निघाली आणि पुळणीवर येऊन फुटली. सात महिने राजाच्या कानांत राहिलेला आपला आवाज समुद्राने परत नेला होता, पण राणीला ते कुठून ठाऊक असणार?

ती महालात परतली तेव्हा राजा खिडकीशी पाठमोरा बसला होता. हा कुठला ऐकतोय, असं मनात म्हणत ती नेहमीच्याच हळू आवाजात बोलली, "मी आले."

"दमली असशील," राजा मागे न वळता म्हणाला. "ये, बैस."

राणी उंबऱ्यातच मटकन बसली आणि पोटभर रडली. तो रडण्याचा आवाज ऐकून राजा धावत आला.

दुसऱ्या दिवशी फिर्यादींची रांग वेशीपर्यंत गेली. राजाने सगळ्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, खोटं बोलणाऱ्यांचंसुद्धा, आणि प्रत्येकाला सांगितलं, "बोललास, फार बरं केलंस."