ठुमीचं लिंबाएवढं दार

कोकणात, एका वाडीत, एक होती ठुमी. ठुमी म्हणजे दयाळ पक्षीण. अंग मूठभर, शेपटी सदा उभी. चालायची ठुमुक ठुमुक. उडायची भुर्रर्र.

ती राहायची एका वठलेल्या माडाच्या ढोलीत. एक दिवस काय झालं, वारा शिरला माडाच्या नाकात. माडाला आली शिंक. आँऽऽछी. माड आडवा. खोटं वाटतं? शेजारच्या माडाला विचारा. तो अजून नाक धरून उभा आहे.

गेलं ठुमीचं घर. आणि पोटात तर अंडी. आज येतील, नाहीतर उद्या येतील.

ठुमी गेली बाबल मेस्त्रींकडे. मेस्त्री म्हणजे सुतार. वाडीतली सगळी दारं त्यांच्याच हातची. ठुमी खिडकीत बसली आणि म्हणाली,

"मेस्त्री, मेस्त्री,
ढोली पडली, घर मिळेना,
अंडी काही थांबेनात.
मला एक घर द्या."

मेस्त्री म्हणाले, "देतो की, बाय. पण करवत झाली बोथट. धारवाल्या चाचांना सांग. त्यांनी धार लावली की मी घर देतो."

ठुमी उडाली भुर्रर्र. अमीनचाचा झाडाखाली सायकल लावून बसले होते. सायकलवर धारेचं चाक. पण चाक गप्प.

"चाचा, चाचा,
करवत बोथट, फळी चिरेना,
ढोली पडली, घर मिळेना,
अंडी काही थांबेनात.
तेवढी धार लावा."

चाचा म्हणाले, "लावतो की, बेटा. पण चाकाचा पट्टा तुटला. पारूमावशीला सांग. तिने पट्टा शिवला की मी धार लावतो."

ठुमी उडाली भुर्रर्र. पारूमावशी चपला शिवत बसायची. तोंडात नेहमी खिळे. जेवतानाही काढायची नाही, असं लोक म्हणतात.

"मावशी, मावशी,
पट्टा तुटला, चाक फिरेना,
करवत बोथट, फळी चिरेना,
ढोली पडली, घर मिळेना,
अंडी काही थांबेनात.
तेवढा पट्टा शिव."

मावशीने खिळे काढले, टण टण टण. म्हणाली, "शिवते की, बाळे. पण दोऱ्याला लावायचं मेण संपलं. मधमाश्यांना सांग. त्यांनी मेण दिलं की मी पट्टा शिवते."

ठुमी उडाली भुर्रर्र. मधमाश्या पोळ्यावर बसून जांभया देत होत्या. गुंऽऽ गुंऽऽ.

"माश्यांनो, माश्यांनो,
मेण संपलं, दोरा सरकेना,
पट्टा तुटला, चाक फिरेना,
करवत बोथट, फळी चिरेना,
ढोली पडली, घर मिळेना,
अंडी काही थांबेनात.
तेवढं मेण द्या."

माश्या एका सुरात म्हणाल्या, "देतो की, गं. पण कुठे फुलंच नाहीत. भोपळ्याच्या वेलाला सांग. त्याने फुलं दिली की आम्ही मेण देतो."

ठुमी उडाली भुर्रर्र. आता ती दमली होती. पोट जड झालं होतं. वेल मांडवावर मान टाकून पडला होता. पानांची झाली होती चाळण.

"वेलदादा, वेलदादा,
फुलं नाहीत, पोळं भरेना,
मेण संपलं, दोरा सरकेना,
पट्टा तुटला, चाक फिरेना,
करवत बोथट, फळी चिरेना,
ढोली पडली, घर मिळेना,
अंडी काही थांबेनात.
तेवढी फुलं दे."

वेल म्हणाला, "देतो की, ताई. पण अंगभर अळ्या झाल्या. अळ्या खाणारं कुणीतरी आण. अळ्या गेल्या की मी फुलं देतो."

अळ्या खाणारं कोण बरं?

ठुमीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. मागे पाहिलं. तिथे तिचीच शेपटी. आता कुठे जायचं? ठुमीला रडू यायला लागलं. सकाळपासून खाल्लंही नव्हतं काही.

इतक्यात एक अळी आली लोंबत. हिरवी, गुबगुबीत. थेट चोचीसमोर.

टप.

"अगं बाई," ठुमी म्हणाली, "मीच की ती."

मग काय. टप टप, टप टप. एक अळी राहिली नाही. ठुमीचं पोट झालं भोपळ्याएवढं. बरं, छोट्या भोपळ्याएवढं.

वेलाने दिली फुलं, फट् फट् फट्.
माश्यांनी दिलं मेण, गुणगुण गुणगुण.
मावशीने शिवला पट्टा, सर्र सर्र.
चाचांनी लावली धार, गर्र गर्र.
मेस्त्रींनी चिरली फळी, खर्र खर्र. ठोक ठोक ठोक. घर तयार.

आणि घर तरी कसं. मेस्त्रींनी जन्मभर केली माणसांची दारं. त्यांनी ठुमीलाही केलं मोठं दार. दोन झडपांचं. वर कडी, खाली उंबरठा.

कुंपणावर बसला होता गुंड्या बोका. तो मिशा चाटत म्हणाला, "वा, मेस्त्री. दार छान आहे. मलाही जाता येईल."

ठुमीची शेपटी खाली आली. ती हळूच म्हणाली, "मेस्त्री, मला दार नको. भोक द्या. माझ्यापुरतं."

मेस्त्रींनी डोकं खाजवलं. कानावरची पेन्सिल काढली. ठुमीला फळीवर उभं केलं आणि म्हणाले, "पोट आत घे, बाय." ठुमीने पोट घेतलं आत. अळ्यांचं पोट ते, लगेच कुठलं जातंय? जाता जाता गेलं. मेस्त्रींनी भोवती काढला गोल. लिंबाएवढा. दार गेलं, कडी गेली. लागली नवी फळी, मधे लिंबाएवढं भोक.

घर टांगलं फणसावर. ठुमी शिरली आत. सुळ्ळकन.

मागोमाग गुंड्या. झाड चढला, डोकं लावलं भोकाला.

बोका आला, डोकं शिरेना.
मिशी शिरली, मान शिरेना.

आतून चोच आली, टप. गुंड्या आला खाली, धप्प.

आणि अंडी? ती कुठली थांबतायत.

टुप.
टुप.
टुप.
टुप.

गोष्ट गेली भोकातून आत. आता हळू बोला. आत कुणीतरी अंडी उबवतंय.