गळ्यात लोंबणारा रिसीव्हर

गेल्या मार्गशीर्षात, प्रदर्शनांत यंत्रे मांडणारे दत्ताराम खोपकर यांच्या तोंडून मी हे ऐकले.

पूर्वी एका प्रदर्शनात विक्रेत्याच्या कॉलरवरचा बिनतारी माइक पंपाची स्तुती पाहुण्यांच्या कानांतल्या रिसीव्हरांपर्यंत पोहोचवत असे. चहा आला, तसे पाहुण्यांनी रिसीव्हर काढून गळ्यात सोडले. माइक चालूच होता. विक्रेता सोबत्याला म्हणाला, "अहो, हा पंप वर्षभरात गळणार. आजच खपवू!"

गावासाठी पंप घ्यायला आलेल्या सरपंच कुसुमावतीबाईंचा रिसीव्हर ओरडला, "बाई, ऐका!"

शेजारच्या गळ्यातला रिसीव्हर हसला, "ओरड लेका! गळ्यातल्याचं कोण ऐकतं?"

चहा संपला. बाईंनी रिसीव्हर कानात घातला, तोवर स्तुती पुन्हा सुरू झाली होती. त्यांनी पंप घेतला.

माइक चुकून चालू राहिला की कोणी मुद्दाम चालू ठेवला, याची खात्री मला कधीच करता आली नाही.