एकाच तंबूतला धूर

राजे मी पाहिले नाहीत, पण त्यांच्या अकलेच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात. भैरवगडचा रणधवल राजा असाच. त्याच्या कोळशाच्या भट्ट्यांनी डोंगर बोडके केले, पावसाने पाठ फिरवली आणि शेजारच्या दोन राज्यांतली तळीसुद्धा आटली. त्या दोन राजांनी आपापल्या भट्ट्या विझवल्या. हा मात्र अडून बसला.

शेवटी बोलणी ठरली. तंबू बरोबर हद्दीवर ठोकला. परक्या चुलीवरचं खायचं नाही, म्हणून ज्याने त्याने आपली चूल आपल्या बाजूला मांडायची, असा तेव्हा रिवाज होता. शेजारच्या दोन्ही राजांच्या वतीने आली येसाक्का, त्यांच्यातल्या एकाची म्हातारी आत्या.

रणधवल राजा गुरगुरला, "माझ्या भट्ट्या माझ्या हद्दीत आहेत. तुमचं काय जातं?"

"खरंय, महाराज," असं म्हणत येसाक्काने आपली चूल पेटवली आणि तीत ओल्या गोवऱ्या सारल्या. तंबू धुराने भरला. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"विझवा ती चूल!"

"चूल आमच्या हद्दीत आहे, महाराज."

"अहो बाई, तंबू तर एकच आहे ना! धूर काय हद्द बघून थांबतो?"

येसाक्काने चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि तंबूचा पडदा वर केला.

"बाहेर या, महाराज, आणि वर बघा. तोही तंबू एकच आहे."

राजा आभाळाकडे बघत राहिला. मग खोकत खोकत प्रधानाला म्हणाला, "आपल्या भट्ट्या विझवायला सांगा."

म्हातारीही त्याच धुरात बसली होती, पण एकदाही खोकली नाही. मी असतो तर तिथेच तिच्या पाया पडलो असतो.