जिप्सीची काडी

"आणि हे कशाला उपटलंस?"

अप्पांनी विचारलं तेव्हा मल्लिनाथच्या हातात जिप्सीचं रोप होतं, मुळासकट. मुळाला ओली माती चिकटलेली होती आणि शेंड्यांना नुकत्याच कळ्या धरल्या होत्या.

"मूळ कुजलंय का, ते बघत होतो."

"कुजलंय?"

"नाही. चांगलं आहे."

"मग लाव परत."

जिप्सीचं मूळ एकदा जमिनीतून सुटलं की पुन्हा धरत नाही, हे मल्लिनाथला अप्पांनीच शिकवलं होतं.

"कालचं कसं निघालं?"

"तेही चांगलंच होतं."

"आणि परवाचं?"

चन्नवीरअप्पा एका मठाचे म्हातारे स्वामी. मठ माळावर, चुनखडीच्या जमिनीवर, जिथे दुसरं धड काही येत नाही. अप्पांनी तिथे जिप्सी लावली होती. गुलाबांच्या गुच्छात भर म्हणून घालतात ती, बाजरीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांची. आसपास कुठे लग्न निघालं की नवरीच्या वेणीत खोवायला जिप्सी मठातूनच जायची. उरलेल्या जुड्या अप्पा कोठीत उलट्या टांगून वाळवायचे. वाळली तरी ही फुलं झडत नाहीत, म्हणून अप्पांच्या गुरूंच्या, मोठ्या स्वामींच्या, समाधीवर वर्षभर तीच असत.

त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि वाफ्यांत पाणी तुंबलं. शेजारच्या वस्तीवरची जिप्सी मूळकुजीने गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवीगार होती, आणि सकाळी बघावं तर सगळा वाफा आडवा. मल्लिनाथने ते पाहिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, याच्या तर तो खांद्यावरच येऊन बसला. रोज सकाळी एक रोप उपटून बघायचं. मूळ पांढरंशुभ्र निघालं की त्याला हायसं वाटायचं. ते हायसं वाटणं जेमतेम दुपारपर्यंत टिकायचं.

त्याच सुमाराला तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अप्पांचं हृदय थकलंय. झोपेतसुद्धा जातील, काही सांगता येत नाही.

मल्लिनाथ मठात आला तेव्हा लहान होता, आईबाप गेलेला. आता त्याचे केस पिकायला लागले होते, पण अप्पांशिवायचा एक दिवस त्याने पाहिलेला नव्हता. तो फार घाबरला होता. आणि खरं सांगायचं तर, त्या घाबरण्याचा त्याला थोडा तोराही होता. अप्पांची काळजी आपल्यासारखी कुणाला नाही, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. अप्पा आडवे झाले की हा उशाशी हजर. कापसाचं सूत काढून त्यांच्या नाकापाशी धरायचा आणि ते हलतंय का बघायचा. गावात सूत धरतात ते माणूस गेला की नाही याची खात्री करायला. हा जित्याजागत्या माणसाला धरायचा. एकदा त्या सुताने अप्पांना सटासट शिंका आल्या, तरी याची खोड गेली नाही.

अप्पा वाफ्याच्या कडेला टेकले. तेवढ्यानेही त्यांना दम लागला. मल्लिनाथ धावला, तसा त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"भीती वाटते तुला?"

"वाटते, अप्पा."

"मुळांची?"

"...तुमची."

"मी काय केलं रे?"

"तुम्ही झोपलात की छाती हलताना दिसत नाही. वाटतं, माझा डोळा लागला आणि तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

मल्लिनाथ हातातल्या मुळाची माती खरवडायला लागला.

"मन चिंती ते वैरी न चिंती," अप्पा म्हणाले. "म्हणजे तू बघायलास म्हणून मी आहे, असंच ना?"

मल्लिनाथने मान खाली घातली. मनातून त्याला अगदी तसंच वाटत होतं.

"आणि गावातल्या कल्लप्पाच्या लेकीचं लग्न आलंय. तिच्या वेणीला काय देणार आहेस? पांढरीशुभ्र मुळं?"

"आता नाही उपटणार, अप्पा."

"आणि मला? मला पण नाही बघणार?"

अप्पा गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि मठाकडे निघाले.

दुपारी जेवून ते ओसरीवर घोंगडी पांघरून आडवे झाले. मल्लिनाथ मुद्दामच वाफ्यात जाऊन बसला. हात कुठल्याही रोपाला लागू नयेत म्हणून त्याने ते काखेत दाबून धरले होते. ओसरीवरून अप्पांचा खोकला ऐकू येत होता, तोवर त्याला ठीक वाटलं.

मग खोकला थांबला.

त्याने थोडा वेळ कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू येईना. तो उठला आणि धावतच ओसरीवर गेला.

अप्पा भिंतीकडे तोंड करून निजले होते. तोंड जरासं उघडं होतं. घोंगडी कुठेच वरखाली होत नव्हती.

"अप्पा..."

तो आणखी खाली वाकला.

"अप्पा, ऐकायलाव का?"

त्याने कमरेला चाचपलं. सूत नव्हतं. सकाळीच अप्पांनी ते त्याच्याकडून मागून घेतलं होतं आणि वात वळून समईत लावलं होतं. मल्लिनाथ तसाच वाफ्याकडे पळाला. कडेचं एक रोप आधीच फुललं होतं, त्याची काडी त्याने मोडून घेतली. शेजारून कुणी गेलं तरी थरथरावीत इतकी हलकी फुलं ती.

काडी त्याने अप्पांच्या नाकाशी धरली.

फुलं हलली नाहीत.

तो गुडघ्यांवर बसला. आपल्या नजरेतून काही सुटू नये म्हणून त्याने तोंड काडीच्या अगदी जवळ नेलं आणि डोळे ताणून बघत राहिला.

फुलं हलली. एकदा. मग पुन्हा.

"आहे..." त्याला हुंदका आवरेना. "शिवा, श्वास आहे... श्वास आहे."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"आहे ना. पण तो तुझा, मल्ल्या. माझा तर मी मघापासून धरून ठेवला होता."