तेलवाल्या शेठची चांदणी

फार फार वर्षांमागे, आजोबांच्या आजोबांनीही नुसती ऐकलेली अशी ही गोष्ट आहे.

घाटमाथ्यावर एक पेठेचं गाव होतं. गावातली माणसं प्रभू ख्रिस्ताची भक्ती करणारी. नाताळ जवळ आला की प्रत्येक घर कामट्यांची आणि कागदाची चांदणी करून, आत दिवा ठेवून दारात टांगत असे. ज्या ताऱ्यानं दूरदेशीच्या शहाण्यांना बाळ येशूपाशी आणलं, त्याची ही आठवण.

आता पेठ म्हटली की चढाओढ आलीच. शेजारी शेजारी दुकानं असली की देवाच्या कामालासुद्धा गज लावून बघतात!

त्या गावात एक तेलवाला शेठ होता. माणूस वाईट नव्हता. मापात कधी कमी देत नसे. पण आपली चांदणी शेजाऱ्यापेक्षा टीचभर तरी मोठी हवी, नाहीतर त्याला जेवण गोड लागत नसे. एका वर्षी त्यानं गावातलं सगळ्यात उंच लाकूड दारात उभं केलं. टोकाला अभ्रकाची भली थोरली चांदणी चढवली, आणि आत मनगटाएवढी वात.

समोरचा कापडवाला म्हणाला, “शेठ, ही देवासाठी की गिऱ्हाइकांसाठी?”

शेठ हसून म्हणाला, “दोघांसाठी. एकाच तेलात काम होतंय ना!”

चांदणी अशी पेटली की उजेड पार खालच्या खोऱ्यापर्यंत पोचला आणि गावाला आभाळ दिसेनासं झालं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आभाळ काय, रोजचंच.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, लोक उपासनेला निघालेले. तेवढ्यात खालच्या खोऱ्यातून एक मेंढपाळ घाट चढून वर आला. पाठीवर त्याची म्हातारी आई, काखेत कोकरू. फिरत्या धर्मगुरूनं कधीतरी त्यांच्या तळावर ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगितली होती. देवानं पहिली खबर मेंढपाळांना दिली, हे ऐकल्यापासून म्हातारी रोज संध्याकाळी आभाळाकडं तोंड करून हात जोडायची. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. तारे गेले, पण हात जोडणं सुटलं नाही.

म्हातारी पाठीवरून उतरली. चांदणीखाली येऊन तिनं गुडघे टेकले.

“ह्योच त्यो,” ती म्हणाली. “माज्या डोळ्यांना बी दिसला.”

मुलगा ओशाळून शेठला म्हणाला, “मी म्हनत हुतो, आये, तारा हलतो, ह्यो रोज तितंच असतो. तर म्हनती, बाळ तितं असंल म्हनून थांबला.”

लोक भोवती जमले. शेठला सांगता आलं असतं. पण सगळी पेठ बघत होती. आपल्या चांदणीपुढं कुणी गुडघे टेकतंय, हे त्याला, खरं सांगायचं तर, गोड लागलं. तो गप्प राहिला. म्हातारीनं मुलाकडून कोकरू घेऊन दाराशी ठेवलं, तरीही गप्प.

म्हातारी प्रार्थना करू लागली. “देवा, आंधळीसाटी येवढा मोटा दिवा लावलास. माजी किती काळजी तुला!” मग तिनं मान वळवली. “शेठ, तुजंच घर ना ह्ये? बाळ कुटं हाय?”

घरात तेलाचे बुधले होते. बाळ कुठून दाखवणार?

शेठ पुढं झाला, दोरी सोडून चांदणी खाली घेतली आणि वात हातानंच दाबून विझवली. बोटं भाजली, पण त्यानं हात मागं घेतला नाही.

“आजी,” तो म्हणाला, “तो तारा नव्हता. माझा कंदील होता. लोकांनी माझं नाव घ्यावं म्हणून लावलेला.”

कुणी हसलं नाही. कापडवाल्यानं आपलीही चांदणी विझवली. मग एकेक करत सगळ्या पेठेनं विझवल्या.

म्हातारीनं अंधारात तोंड वर केलं. “उजेड तू काडून घेतलास,” ती म्हणाली. “आता वरचं तूच दाखव मला.”

शेठनं कित्येक वर्षांनी मान वर केली. एकाही ताऱ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. तो अडखळत म्हणाला, “आजी, जणू तिळाचं पोतं फाटलंय. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सांडलेत. मधे एक पांढरा पट्टा आहे, पीठ उधळल्यासारखा. मोजायला बसलो तर... नाही, मोजायचं मनातच येत नाही.”

“आनि ह्ये समदं ज्यानं केलं,” म्हातारी हळूच म्हणाली, “त्यो गोठ्यात निजला. आपल्यासाटी.”

शेठ तिच्या शेजारी मातीत गुडघ्यांवर बसला. त्याच्या मागं सगळी पेठ बसली. त्या वर्षीची उपासना रस्त्यावरच झाली.

पुढं लोक शेठच्या खरेपणाची वाखाणणी करत. त्या वेळी तो खाली बघायचा. म्हातारीला आपण किती वेळ गुडघ्यांवर बसू दिलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

तात्पर्य : देवाच्या नावानं लावलेला दिवा लोकांना आपल्याच दारात थांबवत असेल, तर तो विझवणं हीच पहिली उपासना.