गोगलगाईचा शंख

एक होती गोगलगाय. इवलीशी. नाव तिचं गोगी. ती राहायची मोबाइलमधल्या खेळात.

एकदा काय झालं? खेळ बदलला, आणि गोगीचा शंख गायब! पाऊस रिपरिप रिपरिप. गोगी उघडी. गोगी ओली. गोगी कुडकुड कुडकुड.

गोगी मोबाइलमधून बाहेर आली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. खेळ तयार होतो तिथे गेली.

दारात होती सरूकाकी. ती खेळ घरोघरी पाठवायची.

"काकी काकी, शंख पाठव ना!
मला थंडी सोसवेना!"

"मावशीनं तपासला नाही. मी नाही पाठवत."

सुळुक सुळुक, गेली शैलामावशीकडे.

"मावशी मावशी, शंख तपास ना!
काकी पाठवीना,
मला थंडी सोसवेना!"

"दादानं जोडला नाही. मी नाही तपासत."

सुळुक सुळुक, गेली तुषारदादाकडे.

"दादा दादा, शंख जोड ना!
मावशी तपासीना,
काकी पाठवीना,
मला थंडी सोसवेना!"

"ताईनं लिहिला नाही. मी नाही जोडत."

रेवाताई खेळ लिहायची. तिनं शंख लिहिला, की शंख दिसायचा. आज ताई कोपऱ्यात बसली होती. डोळे लाल लाल.

"ताई ताई, शंख लिही ना!
दादा जोडीना,
मावशी तपासीना,
काकी पाठवीना,
मला थंडी सोसवेना!"

"मी नाही लिहीत. तुझा शंख माझ्याच हातून पुसला गं. पुन्हा चुकलं तर?"

गोगी ताईच्या पायाशी सरकली. तिथेच बसली. कुडकुड कुडकुड.

ताईनं तिला तळहातावर घेतलं. केवढी गार! ताईला रडूच आलं.

मग ताईनं नाक पुसलं. कॉम्प्युटरला म्हणाली, "नीट ऐक. मी लिहिलं, की तू जोड. जोडलं, की तपास. चुकलं, तर थांब. बरोबर असलं, तर पाठव. कुणासाठी अडायचं नाही."

दादानं त्याला जोडायला शिकवलं. मावशीनं तपासायला. काकीनं पाठवायला.

गोगी मोबाइलमध्ये परतली. वाट बघत बसली.

ताईनं शंख लिहिला. टकटक टकटक.
कॉम्प्युटरनं जोडला. खट!
तपासला. टँव! लाल दिवा! शंख उलटा!

मोबाइलमध्ये गोगी कुडकुड कुडकुड. पाऊस रिपरिप रिपरिप.

ताईनं चूक शोधली. शंख पुन्हा लिहिला. टकटक टकटक.
कॉम्प्युटरनं जोडला. खट!
तपासला. टिंग! हिरवा दिवा!
पाठवला. सूंऽऽऽ!
आणि गोगीच्या पाठीवर बसला. टप्!

पाऊस काही थांबला नाही. आभाळ काळंच राहिलं. पण गोगी शंखात शिरली. आत कोरडं होतं. आत ऊब होती.

ताईनं मोबाइल कानाशी धरला. "गोगी, आहेस ना गं?"

आतून बारीक आवाज आला, "शूऽऽ. मी झोपले."