येतो म्हणून गेलेले गवंडी

फार फार जुनी गोष्ट. ऐका पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. डुलक्या मागाहून काढा.

एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव होतं. बांध जुनाट, कुठं ना कुठं पाझरायचाच. पण गावात गवंडी उदंड. पाझर दिसला की चुना कालवून बुजवायचे, आणि गाव निर्धास्त राहायचं.

मग नदीपलीकडच्या राजानं महाल बांधायला काढले. चांगल्या गवंड्याला तिकडं पगडीचा मान आणि रोज तूपभात! एकेक गवंडी होडीत बसू लागला. निघताना 'जातो' म्हणू नये, म्हणून प्रत्येकजण म्हणायचा, "येतो हं!" म्हणायला काय जातं? आला कुणीच नाही.

पण गंमत बघा. त्यांचा थाट ऐकून गावची पोरं ईर्ष्येनं काम शिकू लागली. सगळ्यांनाच काही राजाचं बोलावणं येत नाही. पुष्कळजण गावातच राहिले आणि बांध सांभाळू लागले.

पाटलाच्या जिवाला मात्र घोर, सगळेच गेले तर बांध बुजवणार कोण? उठता बसता तो बांधाला कान लावायचा. एके दिवशी त्यानं घाटावरची होडीच फोडली. दोन्ही तीरांना मिळून तेवढी एकच होडी होती. "आता बघतो कोण जातंय!"

जाणं थांबलं, आणि शिकणंही थांबलं. आया म्हणाल्या, "चुन्यानं हात सोलून घ्यायचे आणि जायचं कुठं? त्यापेक्षा शेळ्या राख." काम शिकवणाऱ्या सटवाजी गवंड्याच्या अंगणात कुणी फिरकेना. वर्षं लोटली. होते ते गवंडी थकले, एकेक करून वारले; उरला एकटा म्हातारा सटवाजी.

एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडलं. पाटील धावत सुटला. "सटवाजीबाबा, बुजवा हो!"

"कसं बुजवायचं ते ठाऊक आहे, पाटील. पण माझे हात थरथरतात. शिकलेले चार हात द्या."

कुठून देणार? सगळे शेळ्या राखणारे! मग गावानं नदीकाठी ढोल बडवला. पलीकडच्या तीरावर गावचेच गवंडी धावत आले. बायका रडू लागल्या, गवंडीही रडू लागले.

"येतो! आलोच! होडी पाठवा!" ते ओरडले.

पाटलानं मान खाली घातली. पुराच्या नदीत पोहणार कोण? माणसं टेकडीवर चढून वाचली, पण घरं आणि शेतं डोळ्यांदेखत वाहून गेली.

पूर ओसरल्यावर पाटलानं स्वतःच्या हातानं नवी होडी बांधली. तिच्यातून गवंडी आले, तेव्हा सटवाजीनं त्यांनाही सोडलं नाही. "येतो म्हणाला होतात ना रे? मग दरसाल या, आणि शिकवून जा."

बोध: जाणाऱ्याची वाट अडवली, की येणाऱ्याचीही अडते.